अक्कोरांचा कागद

सोनटक्के अक्कोर पालकांना सहजासहजी सही करू देत नसत. सही त्यांना हवी असायची, कागदावर खाली त्यासाठी रेघही मारलेली असायची. पण पेन त्यांच्या हातात. आई किंवा बाप कागदावरून नजर फिरवून "समजलं, कुठं करू सही?" म्हणाला की त्या पेनाला टोपण लावून टाकत. "समजलं म्हणू नका की हो. काय समजलं ते सांगा." मग समोरच्याने कागद पालथा घालायचा आणि आपल्या मुलाला पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवायचं ठरलं आहे, त्यात आपलं स्वतःचं काम कोणतं, हे आपल्या शब्दांत सांगायचं. एकदा एक वकील, कोर्टात ज्यांचा चांगला दबदबा होता असे, तीन वेळा चुकले. मुलीचं काम त्यांनी घडाघडा सांगितलं, स्वतःचं दर वेळी विसरले. काम एवढंच होतं की मुलीच्या चपलेचा पट्टा आपण लावून द्यायचा नाही, तिचा लावून होईपर्यंत उंबऱ्यात उभं राहायचं. चौथ्या वेळी ते हळूच म्हणाले, "थांबायचं." अक्कोरांनी टोपण काढून पेन पुढे केलं. मी शेजारच्या बाकावर होते आणि मला हसू आवरत नव्हतं. माझी पाळी अजून यायची होती.

अक्कोर म्हणजे शिकवणाऱ्या बाई. शब्द कन्नड, पण हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतही तोच चालतो. त्यांचं नाव इंदुमती सोनटक्के. मूळच्या बेळगावच्या, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. बुटक्या, आवाज मात्र दोन घरांपलीकडे जाणारा, आणि पदराच्या पिनेला दोऱ्याने बांधलेली लाल पेन्सिल कायम लोंबत असायची. आपल्या लहानपणाबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "आमच्या जातीच्या पोरांना दाराबाहेर बसवायचे. तिथनं फळा अर्धाच दिसायचा. मास्तर म्हणायचे, हिला गणित येत नाही. मला गणित दिसत नव्हतं हो." म्हणून नव्या मुलाला काय येतं हे बघायच्या आधी त्या ते मूल कुठे बसलंय ते बघत. कित्येकदा नुसती जागा बदलली तरी मूल निवायचं.

मोठ्या शहरात जाऊन त्या अशा मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेऊन आल्या होत्या. तेव्हा अशा मुलांना मतिमंद म्हणत; मीही तोच शब्द वापरत असे, चांगला वाटायचा म्हणून नव्हे, दुसरा नव्हता म्हणून. माळमड्डीत एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत अक्कोरांचा वर्ग भरे. अकरा मुलं, आणि प्रत्येकाचा वेगळा कागद. कागदाच्या माथ्यावर 'वैयक्तिक शिक्षण आराखडा' असं भारदस्त नाव टाइप केलेलं असे, पण अक्कोर त्याला नुसतं कागद म्हणत. त्यावर चार रकाने: आज काय येतं, तीन महिन्यांनी काय यावं, त्यासाठी घरातल्या कुणी काय करायचं, आणि आलं हे ओळखायचं कसं. "शाळेत पुस्तक सगळ्यांना एकच," त्या म्हणत, "हितं कागद ज्याचा त्याला." मी स्वतः हुबळीच्या एका मराठी शाळेत शिक्षिका. पंचेचाळीस पोरांना एकाच धड्यावरून हाकत नेण्यात माझी वर्षं गेलेली. मला हे सगळं जरा चोचल्यासारखंच वाटलं होतं.

शिरूला, म्हणजे माझ्या श्रीधरला, मी तिथे नेलं ते आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाल्यावर. तो सात वर्षांचा होता. हुबळीत 'धारवाडला पाठवा याला' म्हटलं की सगळे हसतात, कारण वेड्यांचं इस्पितळ धारवाडला. आणि मी रोज दुपारी सकाळची शाळा उरकून, मुलाचा हात धरून, देशपांडे नगराच्या कोपऱ्यावर धारवाडच्याच बसची वाट बघत उभी. कुणी "कुठं निघालात?" विचारलं की मी "विद्यानगरला" म्हणायची. एकदा विद्यानगरला जाणाऱ्या एक बाई म्हणाल्या, चला, बरोबरच जाऊ. मला खरोखर विद्यानगरला उतरावं लागलं आणि पुढची बस धरावी लागली. मला काळजी करायला कारण लागत नाही. दूध उतू जाईल म्हणून मी शेगडीपाशी उभी राहते, आणि मी उभी असतानाच ते उतू जातं.

पहिल्या दिवशी मी अक्कोरांना विचारलं, जे सगळेच विचारत, "सुधारेल ना हो हा?" त्या म्हणाल्या, "बिघडलंय कोण ते आधी सांगा." मग त्यांनी शिरूला काय काय येतं ते विचारायला सुरुवात केली. मी सांगत गेले. घास हातात दिला तर खातो. जिना चढतो, उतरत नाही. शब्द दोन: 'आई', आणि पाण्याला 'पा'. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "दोनच?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाहुणे येणार म्हणून घर आवरतो, तसं मूल आवरून सांगू नका बाई. पसारा असूं दे. मला पसाराच बघायचाय." मी पुन्हा दोनच म्हटलं.

शब्द तीन होते. तिसरा मी सांगितला नाही.

सहाव्या वर्षी कधीतरी शिरू एक शब्द बोलायला लागला होता. अंघोळ घालताना, केस विंचरताना, तिसरा-चौथा घास भरवताना तो हात झटकायचा आणि म्हणायचा, "व्येडा. व्येडा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला तांब्या खाली पडला. गल्लीतली पोरं त्याला चिडवत, पण ती सगळी कन्नड पोरं, ती 'हुच्चा' म्हणून ओरडत, अर्थ तोच. 'वेडा' हा शब्द गल्लीत नव्हताच. तो असला तर आमच्या घरात होता. सासूबाई एकदा पाहुण्यांपाशी कुजबुजताना बोलल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही मनात हजारदा म्हटला होता. आपलं पोर तोच शब्द उचलून स्वतःला लावतंय असं मला वाटलं. यजमानांनी त्याला फिरायला न्यायचं बंद केलं. सासूबाई देवाजवळ बसून रडायच्या. आणि मी, शिकवणाऱ्या बाईने, एक दिवस त्याला त्या शब्दासाठी चापट मारली. पुन्हा म्हणाला, पुन्हा मारली. महिनाभरात तो शब्द गेला. मला वाटलं, चला, एक वाईट सवय मोडली. असं पोरगं आणि असं कर्तृत्व कुठल्या कागदावर सांगायचं?

पहिला कागद त्या आवरलेल्या माहितीवर बेतला गेला. 'तीन महिन्यांनी काय यावं' या रकान्यात अक्कोरांनी लिहिलं: नको असेल तेव्हा मान हलवून नको म्हणेल. मी हिरमुसले. मला वाटलं होतं, निदान एक-दोन आकडे, नाहीतर नावातलं एखादं अक्षर. "नको म्हणायला कशाला शिकवायचं?" मी म्हटलं, "ते तर पोरं न शिकवताच शिकतात." अक्कोर म्हणाल्या की ज्याला नको म्हणता येत नाही त्याचं जगात कुणीही काहीही करू शकतं, अक्षर नाही आलं तर एवढं बिघडत नाही. मी कागद पालथा घालून ते सांगून दाखवलं आणि सही केली. पाठांतर मला लहानपणापासून चांगलं.

तीन महिने शिरूने मान हलवली नाही. चिरमुऱ्यांची वाटी, नावडती गवार, कडू औषध, सगळं समोर धरून झालं. तो तोंड उघडायचा आणि गिळायचा, आणि डोळे माझ्या हाताकडे. अक्कोरांच्या ते लक्षात आलं होतं. वहीत त्यांनी लिहिलेलं मी एकदा चोरून वाचलं: 'हाताकडे का बघतो?' त्या दिवशी बसमध्ये मला उणकलचं तळं येऊन गेलेलं कळलं नाही.

घरात त्याच सुमाराला दुसरंच शिजत होतं. दूरच्या एका शहरात अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था यजमानांना कळली होती. अर्ज गेला, उत्तर आलं: दिवाळीनंतर घेऊन या. यजमान वाईट नव्हते. आपल्यामागे याचं कोण, हा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता, आणि मला तरी कुठे देत होता? त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. मी एकदा म्हटलं की वर्गात शिकतोय ना तो. ते म्हणाले, "तीन महिन्यांत काय आलं ते सांग." सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या ट्रंकेला वळसा घालून मी घरात वावरत होते आणि दिवाळी किती दिवसांवर आहे ते मोजत होते.

दुसऱ्या कागदाच्या वेळी अक्कोरांनी निरोप दिला, सकाळी मुलाजवळ कोण असतं त्यालाही घेऊन या. सकाळी शिरू लहानपणापासून गंगव्वाकडे असे. गंगव्वा आमच्या मागच्या चाळीत राहायची. पन्नाशीची, भाकऱ्या भाजून देऊन पोट भरणारी. सात वाजता मी त्याला तिच्या चुलीपाशी सोडायची, साडेअकराला न्यायची. तिला मराठी जेमतेम. मी म्हटलं, तिला कशाला, अक्षरओळख नाही तिला. अक्कोर म्हणाल्या, "चार तास पोर तिच्याजवळ आणि कागद तुमच्याजवळ. असं कसं चालंल?"

गंगव्वा आली, खुर्चीवर बसायला लाजली, शेवटी काठावर टेकली. अक्कोर तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या. तुमच्याकडे तो काय खातो, काय करतो. गंगव्वा भराभरा सांगत गेली. भाकरीचा पापुद्रा आवडतो, करपलेला भाग आवडत नाही. मग अक्कोरांनी विचारलं की आवडत नाही हे तुम्हाला कसं कळतं.

गंगव्वाला प्रश्नच कळला नाही. असल्या साध्या गोष्टीचं काय विचारताय, अशा चेहऱ्याने ती म्हणाली, "ब्याडा अंतान्री."

नको म्हणतो हो, एवढाच त्याचा अर्थ. कन्नडमध्ये नको म्हणजे 'बेडा', आणि आमच्या भागातल्या तोंडी 'ब्याडा'. मी जन्मापासून हुबळीची. भाजीवालीशी, कंडक्टरशी, शाळेतल्या शिपायाशी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलणारी. पण शिरूशी बोलताना घरात कन्नड बंद होतं. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि आम्ही ते पाळलं होतं. त्याचं तोंड किंचित उघडं असे, ओठ नीट मिटत नसत, त्यामुळे 'ब' निसटायचा. गंगव्वाने कन्नड कानाने 'ब्याडा' ऐकलं. आम्ही मराठी कानाने 'वेडा' ऐकलं. तो म्हणत होता, आई, पाणी फार गरम आहे, नको. आणि मी त्याला मारत होते.

मी सगळं सांगितलं, गंगव्वालाही कळावं म्हणून कन्नडमध्येच. तिसरा शब्द, चापट, महिनाभर. सांगताना मी अक्कोरांकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या बोलतील ते मला जन्मभर पुरेल. त्यांनी नुसता जुना कागद पुढे ओढला. गंगव्वाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. ती कन्नडमध्ये म्हणाली, माझ्याकडे तो अजूनही म्हणतो, पण आधी दाराकडे बघतो.

अक्कोरांनी लाल पेन्सिलने जुन्या कागदावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि नवा कोरा कागद घेतला. पहिल्या रकान्यात लिहिलं: 'याला नको म्हणता येतं.' दुसऱ्यात: 'सगळ्यांसमोर म्हणेल.' तिसऱ्या रकान्यात त्यांनी वर 'आई' लिहिलं आणि पुढे एकच शब्द: 'थांबेल.' मग कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचला. पालथा घातला. शिरूचं काम सांगून झालं, आणि माझं आलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझं पाठांतर कुठे गेलं कोण जाणे. अक्कोर टोपण लावलेलं पेन हातात धरून बसून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "त्याने नको म्हटलं की मी थांबेन."

"औषध असलं तर?" त्यांनी विचारलं.

"तरी आधी थांबेन. मग सांगेन, का द्यायचं ते. मग देईन."

त्यांनी पेन दिलं. गंगव्वाचा अंगठाही त्याच कागदावर घेतला, माझ्या सहीच्या शेजारी.

पुढचे दोन आठवडे मी कशी वागले ते मलाच ठाऊक. हात वर जाईल की काय या भीतीने मी शिरूशी बोलताना हात पाठीमागे बांधून उभी राहायची, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. सासूबाई म्हणाल्या, हे काय नवीन. मी त्यांना कागद वाचून दाखवला आणि पालथा घालून म्हणायला लावलं. त्या दुसऱ्यांदा बरोबर म्हणाल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी अंघोळीच्या वेळी शिरूने माझ्या हाताकडे बघितलं, मग दाराकडे, आणि अगदी हळू म्हणाला, "व्येडा." मी तांब्या खाली ठेवला. तो ठेवलेल्या तांब्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग स्वतःच पुढे सरकून बसला.

दिवाळी झाली. ट्रंक भरायची वेळ आली. यजमानांनी त्याच्यासाठी नवा शर्ट आणला होता, तो अंगाला होतो का बघायला त्याला उभं केलं. एक बाही चढवली आणि शिरू म्हणाला, "व्येडा." यजमानांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. आता ते तसेच हातात दुसरी बाही धरून राहिले.

"शर्टाला म्हणाला की जायला?" त्यांनी मला विचारलं.

"ते माहीत नाही," मी म्हटलं. "पण नको म्हणाला."

त्यांनी बाही काढली, शर्टाची घडी घातली. ट्रंक आणखी दोन दिवस खालीच होती. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती माळ्यावर गेलेली. पुढच्या कागदाला यजमान रजा काढून आले आणि पहिल्याच खेपेला बरोबर सांगून सही केली, याचा मला थोडा रागच आला.

त्यानंतर आठ वर्षं शिरूचे कागद होत राहिले. बटण, जिना उतरणं, बसमध्ये उतरायची जागा ओळखणं, चिरमुरे मोजून दहापर्यंतचे आकडे. काही जमलं, काही एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेलं आणि तिथेच राहिलं. नवे पालक आले की अक्कोर मला त्यांच्याजवळ बसवत. कलघटगीहून एक जोडपं यायचं. दर वेळी कागद बघून बाप विचारायचा, हा पास झाल्याचा दाखला आहे का. मी त्याला चौथा रकाना समजावून सांगायची. अक्कोरांचं ठरलेलं वाक्य मी माझं म्हणून वापरायला लागले होते: "मुलाचं काम एका ओळीचं असतं, आपलं चार ओळींचं." माझ्या शाळेतल्या पंचेचाळीस पोरांकडेही मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. मागच्या बाकांवरून फळा दिसतो का, ते एकदा बसून बघितलं. दिसत नव्हता.

काळजी गेली नाही. आमच्यामागे त्याचं कोण, हे अजूनही कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी ते एकदा अक्कोरांना म्हटलं. वाटलं होतं, काहीतरी शहाणपणाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "मलाबी तीच भीती वाटते हो, अकरा पोरांची." आणि लाल पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा शिरू सोळा वर्षांचा होता. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू आणि वाचा गेली होती. मी त्याला घेऊन हुबळीच्या दवाखान्यात गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या. पण आमचा निरोप झाला तो त्या दुपारीच. त्यांची भाची औषधं आणायला गेली होती आणि जाताना पेजेची वाटी माझ्या हातात देऊन गेली होती. दोन घरांपलीकडे जाणारा तो आवाज नाही, पिनेला पेन्सिल नाही, आणि उशीवर एवढासा चेहरा. मला काय करू आणि काय नको असं झालं. मी भरवायला लागले. दोन चमचे त्यांनी घेतले. तिसऱ्याला ओठ मिटले. मी म्हटलं, "अक्कोर, एवढा एकच. ताकद यायला पाहिजे की नाही?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी चमचा त्या बाजूला नेला.

माझ्या मनगटावर हात पडला. शिरूचा होता.

"आई," तो म्हणाला. "ब्याडा." त्याला आता 'ब' स्वच्छ येत होता.

मी थांबले. चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली. अक्कोरांनी भिंतीकडचं तोंड सावकाश आमच्याकडे फिरवलं, आणि डावा हात चादरीवरून थोडा पुढे सरकवला, टोपण काढून पेन पुढे करत असत तसा.